फीड बंद केलं आणि मी वारलो

आदरणीय दादासाहेब यांस,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा हल्ली वाकायला कुरकुरतो, तेव्हा तूर्त सातच अंगांचा समजून घ्यावा. आठवं अंग ताळ्यावर आलं की उरलेला पोचता करीन.) इकडे सर्व क्षेम आहे. तुमची पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला हटला का? तुमच्या लाल शाईच्या पेनाची विचारपूस करत नाही, कारण त्याची प्रकृती कधी बिघडलेली माझ्या तरी ऐकिवात नाही. तुमची धाकटी बहीण मजेत आहे. माझं वजन वाढलंय असं ती म्हणते आणि कमी झालंय असं मी म्हणतो. काटा बिचारा दोघांच्या मध्ये थरथरत उभा असतो. कन्या तिच्या ऑफिसात लोकांच्या वेबसाइट बांधून देते आणि घरी येऊन आम्हाला शहाणपण शिकवते. एकूण घर जागेवर आहे.

पत्र कागदावर लिहितोय, कारण दुसरी वाट तुम्ही ठेवलेली नाही. मागच्या खेपेला जेवायच्या टेबलावर तुम्ही माझ्या वेबसाइटवरचा लेख छापून आणलात, त्यावर लाल खुणा करून तो भाजीच्या वाडग्यासारखा सगळ्यांच्या हातून फिरवलात आणि 'कुलूप' हा शब्द मी लेखात किती वेळा आणि किती प्रकारे चुकीचा लिहिलाय यावर चटणीपासून ताकापर्यंत बोललात. मी एवढंच म्हणालो की कुलूप उघडल्याशी कारण, लू ह्रस्व आहे की दीर्घ हे कुलपाला कळत नाही. त्यावर जन्मभर वर्तमानपत्रात मुद्रितं तपासलेला तुमच्यासारखा माणूस चिडणं साहजिक होतं. 'या साइटची पायरी मी पुन्हा चढणार नाही,' असं तुम्ही म्हणालात. मीही म्हणालो, 'आमंत्रणाशिवाय आम्हीही कुणाचं दार उघडत नाही.' (वाक्य चांगलं जमलं होतं, हे तुम्हीही मान्य कराल.) तेव्हापासून तुम्ही तिकडे, मी इकडे, आणि तुमची बहीण मध्ये टेलिफोनच्या तारेसारखी ताणलेली. तो विषय मी काढणार नाही. मी आपला घडलेलं सांगतो.

तुम्ही साइटवर येत नसल्यामुळे तिची भरभराट तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. (थोडक्यात म्हणजे माझ्या थोडक्यात.) दर आठवड्याला मी उघडलेलं एक कुलूप आणि त्यामागचा माणूस, असा माझा शिरस्ता. ज्या दंतवैद्याने स्वतःला स्वतःच्याच न्हाणीघरात कोंडून घेतलं आणि दाराच्या फटीतून मला दात तपासायची मोफत लालूच दाखवली, त्याचा लेख लोकांना फार आवडला. दोन भावांनी एकाच कपाटाला दोन कुलपं लावली आणि दोघांनीही आपापली किल्ली हरवली, तोही. नवराबायको भांडून एकमेकांना घराबाहेर ठेवायला गेले आणि शेवटी दोघंही जिन्यात बसून माझी वाट बघत होते, तो लेख मी स्वतःच कधीकधी वाचतो. पानाच्या तळाशी कन्येने एक आकडा बसवला होता: आजवर किती जण आले. तो आकडा रोज फुगायचा. दुकान उघडलं की आधी दिवा, मग कानस, मग तो आकडा, असा माझा क्रम होता. शेजारच्या चष्मेवाल्याला मी तो काचेतून दाखवायचो. त्याला लांबचं दिसत नाही, पण आकडा मोठा आहे एवढं त्याला दिसायचं.

तर कन्येने जुनी साइट मोडून नवी बांधायला घेतली. रंग ठरले, अक्षरं ठरली, माझा फोटो ठरला (कानसीसह, डावीकडून), आणि शेवटी ती म्हणाली, 'बाबा, आरएसएस फीड ठेवायचं की नाही?' आता ही अक्षरं ऐकून तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं होतं आणि चष्मेवाल्याच्या तर चेहऱ्यावरच आलं. त्याच्याशी याचा काडीचाही संबंध नाही, हे समजवायलाच कन्येचा अर्धा चहा गार झाला. प्रकार असा आहे: वाचकाने आपल्या फोनवर एक वाचनयंत्रणा ठेवायची, तिला आमच्या साइटचा पत्ता एकदा सांगायचा; मग मी नवीन काही लिहिलं रे लिहिलं की ते त्याच्याकडे आपोआप जाऊन पडतं. जसं दारात वर्तमानपत्र पडतं तसं. त्याने नाव सांगायचं नाही, पत्ता द्यायचा नाही, साइटवर यायचंही नाही. जुन्या साइटला हे फीड मुळातच होतं म्हणे, आणि मला इतकी वर्षं गंधवार्ता नव्हती. माझ्याच घराला मागचं दार आणि ते मलाच माहीत नाही. कुलूपवाल्याला याहून लाजिरवाणं काय असेल?

मी विचारलं, 'मग ती माणसं आकड्यात धरतात का?' कन्या म्हणाली, 'नाही.' 'ती कोण, किती, कळतं का?' 'नीटसं नाही.' चष्मेवाला तिथेच बसला होता. (तो कुठेही तिथेच बसलेला असतो.) तो म्हणाला, 'म्हणजे फुकट वाचायचं, यायचं नाही, तोंड दाखवायचं नाही? माझ्या दुकानात न येता कुणी घरबसल्या चष्मे घालून बघायला लागला तर मी काय काचा पुसत बसू?' मला ते पटलं. मानी माणसाला असलं चटकन पटतं. ज्याला वाचायचंय त्याने पुढच्या दाराने यावं, आकड्यात एकाने भर घालावी आणि जाताना पायपुसणं सरळ करून जावं. मी कन्येला म्हणालो, 'बंद.' तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बंद केलं. तिची आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, 'विचार करा.' मी म्हणालो, 'केला.' इथवर सगळं यथास्थित झालं.

आता दैव कसं असतं पाहा. त्याच सुमाराला मी जुन्या ट्रंकांच्या कुलपांवरची लेखमाला संपवली होती. तिच्या शेवटच्या लेखाचं नाव मी 'अखेरचं कुलूप' असं ठेवलं. लेखाचा शेवटही जरा भारदस्त केला होता: 'हातात होतं तेवढं दिलं. आता किल्ली तुमच्याजवळ. मी निघतो.' (म्हणजे त्या दिवशी मला खरोखरच निघायचं होतं, एका बाईंची तिजोरी अडकली होती.) हा लेख जुन्या फीडमधून गेला आणि त्यापाठोपाठ फीड बंद झालं. नव्या साइटवर मी ताजेतवाने लेख लिहीत होतो, फोटोत कानस धरून हसत होतो. पण जे लोक कधी साइटवर येतच नव्हते, त्यांच्यासाठी 'मी निघतो' असं म्हणून मी जो गेलो तो परतलोच नाही.

पहिलं सांत्वनपत्र तुमच्या बहिणीच्या नावाने आलं. तिने ते उघडलं, वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचलं. मी त्या वेळी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो. 'अहो,' ती म्हणाली, 'तुम्ही गेलात.' 'कुठे?' 'ते लिहिलेलं नाही. पण चांगल्या जागी असाल असं बाईंचं म्हणणं आहे.' रुग्णालयात परिचारिका असलेल्या कुणी बाई होत्या. त्यांच्या वॉर्डात इंटरनेट रडतखडत चालतं, चित्रं उघडता उघडत नाहीत, पण फीडमधला नुसता मजकूर तेवढा येतो. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात त्या मला वाचायच्या आणि एका आजोबांना वाचून दाखवायच्या. ते आजोबा दंतवैद्याच्या लेखाला हसताना नळी निसटेल इतके हसले होते म्हणे. मग आणखी पत्रं आली. कन्येला ईमेल आले. एकाने माझ्यावर मृत्युलेख लिहून पाठवला, तोही बरा होता, फक्त त्याने मला दोन मुलगे दिले होते. एका गृहस्थांनी 'वहिनी, दुकान विकायचं असल्यास कळवावे' असंही लिहिलं. (ते पत्र मी वेगळं ठेवलंय. ते गृहस्थ कधी किल्ली हरवून आमच्याकडे येतील तेव्हा बघू.)

कळस मात्र त्यानंतर झाला. एका दुपारी दुकानात एक उंच माणूस आला. हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, चेहरा उतरलेला. लिफ्ट दुरुस्त करणारा होता. लांबच्या शहरातून सुटी काढून आलेला. माझा फोटो त्याने पाहिलेला नव्हता, कारण फीडमध्ये फोटो यायचा नाही. मी आपला ॲप्रन घालून कानस मारत बसलेलो. त्याने विचारलं, 'तुम्ही त्यांचे भाऊ का?' मी 'कुणाचे?' असं विचारणार, तेवढ्यात तो स्टुलावर बसला आणि बोलायलाच लागला. आता दादासाहेब, मनावर हात ठेवून सांगा, आपल्यामागे लोक आपल्याबद्दल काय बोलतील हे ऐकायची संधी किती जणांना मिळते? 'मीच तो' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण त्याचं वाक्य ऐन रंगात होतं आणि कुणाचं वाक्य मध्येच तोडणं मला आवडत नाही.

त्याने सांगितलं ते असं. त्याची आई गेली तेव्हा मागे तिची एक लोखंडी ट्रंक राहिली. किल्ली कुठेच सापडेना. भाऊ म्हणाले, छिन्नी घाला आणि फोडा. याचं मन होईना. तिने आयुष्यभर पुसलेली ट्रंक, तिच्यावर घाव कसा घालायचा? ट्रंक तशीच खोलीत पडून राहिली. मग एके दिवशी लिफ्टच्या खड्ड्यात काम करताना, जेवायच्या सुटीत, फीडमधून माझा ट्रंकेच्या कुलपावरचा लेख त्याच्या फोनवर येऊन पडला. त्यात मी लिहिलं होतं की जुन्या कुलपाशी भांडू नये, त्याला आधी तेल द्यावं, एक दिवस तसंच ठेवावं, मग वाकवलेल्या तारेने खटका चाचपावा आणि जोर करायची इच्छा झाली की उठून चहा करून यावा. त्याने तसंच केलं. बऱ्याच चहांनंतर खटका हलला. ट्रंकेला ओरखडाही नाही. 'आत काय होतं?' मी न राहवून विचारलं. 'आमचे लहानपणचे स्वेटर,' तो म्हणाला, 'सगळ्यांचे. धुऊन, घडी घालून. छिन्नी लागली असती तर वरचा माझाच फाटला असता.' मग माझ्या हातातल्या कानसीकडे पाहत तो म्हणाला, 'एकदा येऊन आभार मानायचे होते हो. राहूनच गेलं.'

दादासाहेब, मी आजवर मंत्र्यांची कपाटं उघडलीत, तीन जिने चढून तान्ह्या बाळाला कोंडलेल्या खोलीतून काढलंय, पण मी स्वतः असा कधी कोंडला गेलो नव्हतो. आता सांगावं तर सांगणार कसं? इतका वेळ मी स्वतःबद्दल चांगलं ऐकत मान हलवत बसलेलो! तेवढ्यात आतल्या दारातून तुमची बहीण खणखणीत आवाजात म्हणाली, 'अहो, चहा घेताय ना? की त्याचंही आता श्राद्ध घालू?' तो माणूस उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. 'म्हणजे तुम्हीच...?' मी म्हणालो, 'हो. जरा उशिरा सांगतोय.' मला वाटलं गुच्छ डोक्यात घालणार. त्याने मला मिठी मारली, ॲप्रनच्या तेलासकट. फुलं दोघांच्या मध्ये चिरडली. नंतर चहाबरोबर त्याने आमच्या इमारतीच्या लिफ्टचं दारही नीट करून दिलं, जे गेल्या वर्षापासून किंचाळत होतं.

त्या संध्याकाळी मी कन्येसमोर बसलो. म्हणालो, 'चालू कर. पण माझा आकडा काय म्हणेल?' कन्या थोडी चुळबुळली आणि मग तिने मला त्या आकड्याच्या पोटात काय आहे ते उघडून दाखवलं. आलेल्या माणसांतला मोठा हिस्सा एकाच यंत्रावरून यायचा. रोज सकाळी. दुकानाच्या वेळेला. दिवा आणि कानस यांच्या नंतर. दुपारीही पुष्कळदा. (चष्मेवाल्याला दाखवताना मी पान ताजं करायचो, त्याचा प्रत्येक वेळी एक माणूस व्हायचा.) थोडक्यात, मी स्वतःच्याच दुकानापुढे रांग लावून उभा होतो. तिची आई भाजीवरून मान वर न करता म्हणाली, 'म्हणजे न दिसणारेच खरे वाचक म्हणायचे.' मी म्हणालो, 'तो आकडा काढून टाक.' चष्मेवाल्याला याचं फार वाईट वाटलं. त्याला लांबून दिसणारी तेवढी एकच गोष्ट होती.

पण चष्मेवाला गप्प बसणारा नव्हे. त्याने तोड काढली: फीड द्या, पण नुसतं शीर्षक आणि दोन ओळी, पुढचं वाचायचं तर साइटवर या. कन्या म्हणाली, पुष्कळ जण असंच करतात. मी एक दिवस तसं ठेवूनही पाहिलं. मग मला ती वॉर्डातली बाई दिसायला लागली: दोन रुग्णांच्या मधली सवड, आजोबा कान टवकारून बसलेले, आणि माझ्या दोन ओळींनंतर चाक नुसतं गरगर फिरतंय. पाहुण्याला उंबऱ्यावर उभं करून आतल्या स्वयंपाकाचा वास तेवढा द्यायचा, ही कुठली रीत? मी कन्येला सांगितलं: सगळा लेख द्यायचा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. ज्याला यायचंय त्याने यावं, ज्याला घरी बसून वाचायचंय त्याने वाचावं, आणि मला कळवायची कुणावर सक्ती नाही. हा निर्णय मी एकट्याने घेतला. (दोघींनी आधी घेऊन ठेवला होता, ती गोष्ट वेगळी.) फीड सुरू झाल्यावर पहिला लेख टाकला, त्याचं नाव 'मी आहे'. परिचारिका बाईंचं उलटटपाली उत्तर आलं: आजोबा घरी गेले, चालत गेले, आणि आता त्यांच्या फोनवरही फीड बसवून दिलंय.

तेव्हा आता आमच्याकडे किती वाचक आहेत हे मला माहीत नाही, आणि हे सांगताना माझी छाती पूर्वीपेक्षा दोन बोटं जास्त फुगलेली असते. आकडा होता तेव्हा तो कुणीही मोजू शकत होता. आता मला वाटेल तेवढे आहेत. दुकानात बसून कानस मारताना मी मनात धरतो की कुठे तरी खड्ड्यात, वॉर्डात, जिन्यात, पायरीसुद्धा न चढता कुणी तरी मला वाचतंय. कुलूपवाल्याला असा अभिमान शोभतो की नाही ते तुम्ही ठरवा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, पाठीला शेक.

आपला,
अद्याप हयात असलेला मेहुणा

ता. क. : एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. ज्या दिवसांत मी वारलेलो होतो, त्या दिवसांत तुमचा तुमच्या बहिणीला फोन आला होता. कित्येक महिन्यांनी. तुम्ही हवा कशी आहे ते विचारलंत, मग पुन्हा हवाच विचारलीत आणि मग म्हणालात, 'दुकान... हल्ली कोण उघडतं?' ती म्हणाली, 'तेच उघडतात, आणखी कोण?' त्यावर तुम्ही आणखी एकदा हवा विचारलीत. मग 'बरं, बरं' म्हणून फोन ठेवलात. आवाज घोगरा होता असं ती म्हणते. मी म्हटलं, तिकडची हवा.

ता. क. दुसरा : मी संशयी माणूस नाही, पण धंदा खटका चाचपण्याचा. म्हणून फीड सुरू झाल्यावर मी एक लेख नुसता फीडमध्ये सोडला, साइटवर टाकलाच नाही, आणि त्यात 'किल्ली'ची पहिली वेलांटी मुद्दाम दीर्घ केली. दिवस मावळायच्या आत तुमचा फोन: 'अगं, तुमच्याकडे हल्ली किल्ली कशी लिहितात गं? सहज विचारतोय.' दादासाहेब, मी तुम्हाला दोष देत नाही. साइटची पायरी चढणार नाही म्हणालात, ती तुम्ही चढला नाहीत. फीड घरपोच येतं. शब्दाला जागलात, याचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच : ज्या बाईंची तिजोरी अडकली होती त्या पुस्तकं छापतात. माझे लेख त्यांना पुस्तक म्हणून काढायचे आहेत. मुद्रितं तपासायला कुणी तरी हवं. माझ्या लेखनात चुका नाहीतच, पण छापणाऱ्यांचा काय भरवसा! बाईंनी दोन माणसं सुचवली. मी म्हटलं, आमच्या घरात आहे तसा डोळा दुसरीकडे मिळायचा नाही, विचारून सांगतो. तुम्हाला होकार लिहून पाठवणं जड जाईल, ते मी समजू शकतो, मलाही गेलं असतं. तेव्हा उत्तर लिहूच नका. या आठवड्याच्या लेखात मी 'कुलूप' चुकीचं लिहितो. तुमचा फोन आला की बाईंना तुमचा पत्ता देतो.